फाइलीच्या माथ्यावरची ओळ

त्या एका ओळीचा राग अजून गेलेला नाही, आणि ती ओळ मीच लिहिली होती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मूल गावाजवळच्या एका कॉलेजात मी कंत्राटी म्हणून कॉम्प्युटर शिकवत होतो. घरी, माझ्या जुन्या मशीनवर, एका मुक्त, म्हणजे कुणीही फुकट वापरावं आणि बदलावं अशा, सॉफ्टवेअरसाठी मी कोड लिहिला. मराठी नावांची यादी लावताना क्ष आणि ज्ञ शेवटी यावेत, एवढंच त्याचं काम. कॉलेजचा त्यात कणभर वाटा नव्हता. पण आमच्याकडे नाटकाच्या जाहिरातीतसुद्धा नटांच्या आधी पाहुण्या पुढाऱ्यांची नावं छापतात. त्याच सवयीनं मी फाइलीच्या माथ्यावर लिहून बसलो: कॉलेजच्या सौजन्याने, मा. प्राचार्यांच्या मार्गदर्शनाखाली. मार्गदर्शन कसलं डोंबलाचं! त्यांना माउस धरता येत नव्हता.

ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या परदेशी संस्थेला कोड पाठवला. मला वाटलं, पाठवला म्हणजे दिला. तिकडून उत्तर आलं की नुसत्या पाठवण्यानं मालकी बदलत नाही. हस्तांतराच्या कागदावर सही झाली की मगच कोड संस्थेचा होतो. आणि माथ्यावर कॉलेजचं नाव आहे, तेव्हा 'आमचा यावर हक्क नाही' असं कॉलेजनंही लिहून द्यावं. माझ्या कागदावर मी त्याच दिवशी सही केली. दुसरा कागद प्राचार्यांच्या टेबलावर महिनाभर पडून राहिला. मी रोज त्यांच्या दाराशी उभा. शेवटी त्यांनी चष्मा लावून फाइलीची पहिली ओळ वाचली. फक्त पहिलीच.

"नाव तूच टाकलं ना? मंग आमचं नाई असं मी काऊन लिहून देऊ?"

ती ओळ खोडून पुन्हा पाठवतो असं मी तिकडे कळवलं. संस्थेचे लोक म्हणाले, एकदा शंका आली, आता कागदाशिवाय नाही. त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त चीड आली. काही महिने वाट पाहून त्यांनी माझा कोड बाजूला ठेवला आणि तेच काम दुसऱ्या कुणाकडून, माझी एक ओळही न दाखवता, नव्यानं लिहून घेतलं. माझ्या वर्षभराच्या मेहनतीची माती झाली.

पुढे कॉलेजात तपासणीची समिती आली. तिच्यासमोर प्राचार्यांनी मला बोलावलं आणि आपल्या कॉलेजचा तो परदेशी गेलेला प्रोग्राम पाहुण्यांना दाखव म्हणाले.

मी म्हटलं, "तो कुठी गेलाच नाई, सर. तुमचा होता म्हणून कोणी घेतला नाई."