बोळीतला घाट

"अहो, बोळ आहे ती, घाट नव्हे!"

"तुला सरळ रेषेपलीकडे काही दिसतच नाही," ड्रायव्हर म्हणाले, आणि मुठीतली पांढरी फक्की सोडत त्यांनी जमिनीवर फरश्यांच्या वाटेचं तिसरं वळण काढलं.

घराची भिंत आणि कुंपण यांच्यामधली ती बोळ. दोघं समोरासमोर आले तर एकाने पोट आत ओढायचं. ड्रायव्हरांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या आळीच्या ‘वहिनी’, धुण्याची बादली घेऊन रोज तिथूनच मागच्या दोरीपर्यंत जायच्या. मागे एकदा चिखलात घसरल्या, हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा कुठे दारात फरश्या येऊन पडल्या. नवऱ्याच्या ड्यूटीप्रमाणे जन्मभर डबे भरलेली बाई फरश्या बघून हरखली. आता कोरड्या पायांनी धुणं वाळत पडणार!

पण ड्रायव्हर नुकतेच निवृत्त झालेले. हाताखाली बस उरली नाही, म्हणून त्यांनी बोळच चालवायला घेतली.

"सरळ रस्त्यावर डुलकी लागते. वळणं असली की बाग मोठी दिसते. कडेने फुलझाडं लावू."

"बाबा, तुमच्या फुलझाडांना गाडी लागेल," लेक खिडकीतून म्हणाली.

वहिनींनी भरलेली बादली उचलली आणि त्या फक्कीच्या रेघेवरून निघाल्या. पहिल्या वळणावर कोपर भिंतीला घासलं. दुसऱ्यावर नळ गुडघ्यात बसला. तिसऱ्यावर त्या थांबल्या, मागे फिरल्या आणि बादली नवऱ्याच्या हातात दिली.

"घ्या. गाडी तुमची."

ड्रायव्हरांनी तोंडाने हॉर्न वाजवला आणि झोकात निघाले. तेवढ्यात पलीकडून सासूबाई काठी टेकत आल्या. मधल्या वळणावर मायलेक नाकासमोर नाक.

"आई, मागे घे."

"मी? चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हे तूच सांगतोस ना?"

"इथे कुठे आलाय चढ?"

"माझ्या वयाला सगळाच चढ, मेल्या!"

शेवटी दोघंही एकदम बाजूला सरले, आणि तेही एकाच बाजूला. बादली कलंडली. ओली चादर सासूबाईंच्या डोक्यावर जाऊन बसली. त्यांनी तिचा पदर दोन बोटांनी धरला आणि नव्या नवरीसारखी मान खाली घातली.

लेक खिडकीतच वाकली. वहिनी सावरायला धावल्या, पण हसू असं उसळलं, की सासूबाईंना धरायचं की स्वतःला, कळेना. ड्रायव्हर चादर ओढतायत, सासूबाई सोडत नाहीत, हसून सगळ्यांच्याच पोटात कळा येतायत, आणि कुणी थांबायला तयार नाही.

दम खाऊन सगळ्यांनी खाली पाहिलं, तर वळणं गायब. पायांनी पुसलेली फक्की बोळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पसरली होती. मध्ये, झटापटीच्या जागी, भिंतीपासून कुंपणापर्यंत एक पांढरा गोल. सासूबाई तिथे पालथ्या बादलीवर आरामात बसल्या होत्या.

वहिनींनी डोळे पुसले.

"वाट सरळ होईल. या गोलात पूर्ण फरशी, आईंना बसायला. फुलझाडं कडेने लावा, हवी तेवढी. आणि उद्यापासून धुण्याची बादली तुम्ही न्यायची."