रेंजचा दगड

सरकारी योजनेतून आमच्या गावात घरोघरी रेंज आणि इंटरनेट आलं. ‘गाव जोडलं गेलं’ अशी पाटीही पंचायतीवर लागली. परवा गावी गेलो, तर टेकडीवरच्या दगडावर सखूमावशी एकटीच बसलेली दिसली.

पूर्वी अख्ख्या गावात रेंज मिळायची ती या एका दगडावर. संध्याकाळी इथे नंबर लागायचे. एक जण बोलायला लागला की बाकीचे शिवाराकडे तोंड करून बसायचे, जणू काही ऐकूच येत नाही! फोन ठेवला की मात्र सगळे एकदम विचारायचे. मावशीच्या लेकीला मुलगी झाल्याची बातमी आम्ही अशीच पाठमोरं बसून ऐकली होती. मावशी रडली, तेव्हा शिवाराकडे बघता बघता आम्हीही डोळे पुसले होते.

मी टेकडी चढून वर गेलो.

“मावशी, आता घरात रेंज आहे की. लेकीला फोन करायला इथवर कशाला आलीस?”

“फोन घरातनंच केला.”

“मग?”

“घरात कुणी इचारत न्हाई रं, काय म्हणाली म्हणून.”

मी तिच्याशेजारी बसलो. शिवाराकडे तोंड केलं, जरा वेळ जाऊ दिला आणि विचारलं, “काय म्हणाली पोरगी?”