मंडईच्या दिवसांतली हजेरी

मुलीचं नाव पहिलीत घालायला गेले, तेव्हा मॅडमनी कागद बघायच्या आधी मला खुर्ची दिली. तिथंच ओळखलं, ही बाई आता काहीतरी मागणार. आधार कार्ड, जन्माचा दाखला, फोटो सगळं घेऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "नाव टाकणं सोपं आहे, पोरगी रोज पाठवणं अवघड. ताप आला तर फोन करा. लग्न, पाहुणे, धानकापणी, मंडई ही कारणं मला चालणार नाहीत." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. उन्हाळ्यात हो म्हणायला काय जातं!

आमच्या भागात दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दुपारपासून दुकानं लागतात, ऊस-शिंगाडे येतात, दंडारीची नाच-गाणी होतात, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे. सोयरिकी जमतात, जुने रुसवे मिटतात, नवे सुरू होतात. आणि सुटी संपली तरी पोरं मामाच्या गावाहून मावशीच्या, मावशीच्या गावाहून आत्याच्या गावी फिरत राहतात.

माझ्या सासऱ्यांना मात्र मंडईत ऊस खायचा नसतो. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि माणसं वेगवेगळ्या वसाहतींत पांगली. ती माणसं त्यांना आता मंडईतच भेटतात. यंदा नातीला सोबत न्यायचं आणि सगळ्यांना दाखवायचं, हे त्यांनी वर्षभर मनात धरलं होतं. गुडघे दुखायला लागले होते. पुढच्या साली जाणं होईल की नाही, याचा त्यांनाच भरवसा नव्हता.

वसाहतींतली पहिलीच मंडई शाळेच्या दिवशी आली.

"चार दिस शाळेत नाही गेली तं का पोरगी अडाणी राहीन, सूनबाई?"

"चार दिवस म्हणता म्हणता महिना जाते, मामाजी. मी मॅडमले शब्द देला आहे."

त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि एकटेच एसटीत बसले. माझा राग कुणावर होता ते मला कळेना. भांडी जरा जोरातच आपटली.

नाटकाला थांबतील असं वाटलं होतं, तर सूर्य बुडायच्या आत परत आले.

"काहून जी, नाटक नाही पायलं?"

"एकट्या बुढ्याले कोन पायते, पोरी? पोरगी संग रायली का मानसं थांबतेत, इचारतेत, कोनाची व्हय म्हून. मंग बोलनं निघते. आज कोनीच नाही इचारलं."

दुसऱ्या दिवशी तरातरा शाळेत गेले. त्याच आठवड्यात, शाळेच्याच दिवशी, आणखी एका वसाहतीची मंडई होती. तेवढी एक सुटी द्या म्हटलं. मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांचं मला पटतं हो. पण आत्ता कुठं तिला काना-मात्रा जोडून वाचता येऊन राहिलं. आणि तिला सोडलं, तर उद्या बाकीच्या आया माझ्या दारात उभ्या. कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

चिडायला जागाच ठेवली नाही बाईनं. खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा माझा नेहमीचा वैताग आहे.

घरी येताना विचार करत होते. आमच्याकडे मंडईला सकाळीच निघायचं, पाहुण्यांच्या घरी जेवायचं, असा रिवाज. जेवायच्या वेळेला न पोचलेला पाहुणा म्हणजे यजमानाचा अपमान. पण नातीला दाखवायला जेवणाची पंगत कशाला हवी? यजमानाचा रुसवा मी काढीन, असं ठरवून टाकलं.

मंडईच्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी स्कूटी घेऊन फाटकाशी उभी होते. मागे सासरे, डोक्याला नवा दुपट्टा. मुलगी धावत आली, पुढे उभी राहिली. गणवेश तसाच, पाठीवर दप्तर. बाकीच्या आया बघून हसल्या. हसू दे.

आम्ही पोचलो तेव्हा मंडई भरात होती. शाळेच्या कपड्यांतली पोर मंडईत दुसरी नव्हतीच, त्यामुळे जो तो वळून बघे. सासरे पुढे, ती त्यांचं बोट धरून. शिंगाड्याच्या टोपल्यांपाशी एका म्हातारीनं तिची हनुवटी धरली.

"कोन्या गावची व्हय व, बाई?"

मी वसाहतीचं नाव सांगणार, तेवढ्यात पोरीनं बुडालेल्या गावाचं नाव सांगितलं. तिच्या जन्माआधीच तिथं पाणी आलं होतं.

म्हातारीनं हनुवटी सोडली नाही. तिनं सासऱ्यांकडे वर पाहिलं आणि विचारलं, "आपल्या गावची?"

सासऱ्यांनी पोरीच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं. "हो," ते म्हणाले, "तेथलीच आहे."