जॅझचा मधला भाग

रेडिओवरची माझी सुरुवात सांदणांपासून झाली. रत्नागिरीत आमचं छोटंसं सामुदायिक रेडिओ केंद्र निघालं, तेव्हा त्यांना फणसाची सांदणं कशी करायची ते सांगणारी कोणी बाई हवी होती. शेजारणीने माझं नाव सुचवलं. पाच मिनिटं दिली होती, मी वीस मिनिटं बोलले. केंद्र सांभाळणारी मुलगी, माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची, काचेपलीकडून हात हलवत होती. मला वाटलं कौतुक करतेय, म्हणून मीही हात हलवला.

तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. दर आठवड्याला एक पदार्थ. पुढे बायका सगळं फोनवरच बघायला लागल्या आणि माझा कार्यक्रम बंद करायचं ठरलं. खरं सांगते, मला फार लागलं ते. मी दहावी झालेली, जन्म रांधण्यात गेलेला, आणि साठीत कुठे ती गोल फिरणारी खुर्ची नि समोर माईक मिळाला होता. आमचे हे म्हणाले, "बरं झालं, आता घरात बोल." पण घरात हे पेपर वाचतात.

त्याच सुमारास जवळच्या पावस गावातल्या एका काकांनी केंद्राला पेटीभर रेकॉर्डी दिल्या. काका जन्मभर बोटीवर इंजिनात काम केलेले. बंदराबंदरांतून त्यांनी जॅझच्या रेकॉर्डी जमवल्या होत्या. अट एकच घातली, आठवड्यातून अर्धा तास त्या लावायच्या, नाहीतर पेटी परत. केंद्रातल्या मुलीने सगळ्यांना बसवून विचारलं, "जॅझ कोणाला कळतं?" कोणालाच कळत नव्हतं. मी हात वर केला. कळत मलाही नव्हतं, पण ती खुर्ची मला चांगली कळत होती.

तर अशी मी जॅझची निवेदिका झाले.

मुलीने रेकॉर्डी संगणकावर उतरवून दिल्या. ऐकायला बसले तर एकेक गाणं दहा-दहा मिनिटांचं. सुरुवातीला दोन मिनिटं छान चाल, आणि मग जो तो आपल्या वाटेने. एक जण ट्रम्पेट फुंकत सुटलाय, बाकीचे नुसता ताल धरून उभे. मग पियानोवाला, जिन्यावरून पाय घसरल्यासारखा. शेवटी पुन्हा मूळ चाल. मला वाटलं, ही माणसं मध्येच चाल विसरली आणि आठवेपर्यंत काहीतरी वाजवत राहिली. गाताना कोणी विसरलं तर आपण ते पोटात घालतो, मीही घातलं. संगणकावर कापायला शिकले होतेच. फरसबीच्या शिरा काढाव्यात तसा प्रत्येक गाण्याचा मधला भाग काढला, सुरुवात आणि शेवट जोडून दिला. अर्ध्या तासात सहा गाणी बसली आणि मला बोलायला ऐसपैस जागा उरली. खोटं कशाला बोलू, त्या जागेचाच मोह जास्त होता.

मी बोलायचे तरी काय? "मोहक सुरावट" हे शब्द मी एका कार्यक्रमात अकरा वेळा वापरले, ह्यांनी मोजले. ह्यांचं मत असं पडलं, "तुझं बोलणं ठीक असतं, पण मध्ये मध्ये ते वाजवतात कशाला?" ही दाद समजून मी दोन दिवस खुशीत होते.

चारेक महिने असे गेले. एका रविवारी, कार्यक्रमाला तासभर असताना, काका दारात उभे. बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली.

"चार महिने ऐकून घेतलं, आता पेटी न्यायला आलोय," ते मुलीला म्हणाले, मग माझ्याकडे वळले. "जेवायला बोलावून भाताआधीच ताक वाढणाऱ्या बाई तुम्हीच ना? माझ्या रेकॉर्डींतला मधला भाग कुठाय?"

"तो काढला," मी म्हटलं. "ते लोक चाल विसरले होते ना."

काका खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "गणपतीत तुमच्याकडे जाखडी नाचायला येतात?"

"येतात की."

"शाहीर ध्रुवपद म्हणतो आणि घरी जातो?"

"छे. मग सवाल-जवाब कधी व्हायचे? समोरच्याने टाकलेला सवाल हा कसा उलटवतो, खरी रंगत तर त्यातच..." आणि मी थांबले.

"बोला ना," काका म्हणाले. "एरवी थांबत नाही तुम्ही."

पेटी गेली की कार्यक्रम गेला, खुर्ची गेली, हे दिसत होतंच. पण त्याहून, चार महिने मी मोठ्या थाटात काय वाढत होते ते त्या क्षणी कळलं. "काका," मी म्हटलं, "आजचा कार्यक्रम ऐका. मग न्या."

ते काचेपलीकडे मुलीशेजारी बसले, पेटी पायाशी घेऊन. मी माईकवर सांगितलं, "श्रोतेहो, इतके दिवस मी तुम्हाला फक्त सुरुवात आणि शेवट ऐकवला. मधलं मी कापलं. मला ते कळलं नव्हतं, आणि मला बोलायचंही होतं. आज सबंध ऐकू." आणि लावलं.

ट्रम्पेटने सवाल टाकला, ड्रमवाल्याने तो उलटवला. तिसऱ्या मिनिटाला सवयीने माझा हात माईकच्या बटणाकडे गेला. काचेपलीकडे काकांनी एक बोट वर केलं. हात मागे घेतला. कोणीतरी पायाने ठेका धरला होता, कोण म्हणून खाली पाहिलं तर माझाच पाय.

त्या दिवशी आम्ही पुढच्या कार्यक्रमाचीही दहा मिनिटं खाल्ली. संपताच फोन वाजला. "काकू, तुमच्यासाठी," मुलगी म्हणाली. चार महिन्यांतला पहिला फोन. मी पदर सारखा करून घेतला, फोनवर बघायला कोणी नसतं तरी.

"बाई," पलीकडून एक बागायतदार म्हणाला, "मोहोरावरच्या तुडतुड्यांना काय मारायचं ते आज तुमच्यानंतरच्या कार्यक्रमात सांगणार होते ना?"

काका उठले. पेटी उचलली, दारापर्यंत गेले, परत आले आणि ती कपाटात ठेवली. "राहू दे इथेच. पण त्या मोहक सुरावटीला आता रजा द्या."

हल्ली अर्ध्या तासात दोन, फार तर तीन गाणी होतात. माझ्या वाट्याला चार मिनिटं येतात. बाकीचं तुंबलेलं सगळं मी घरी येऊन ह्यांना सांगते. हे पेपर वाचतात. परवा मलाच दया आली आणि मी बोलता बोलता मध्येच थांबले, तर पेपराआडून आवाज आला, "मधला भाग का कापलास?"