गोल्टी समजून काढलेल्या फायली

आता हसायचं तर हसा, पण आधी माझी बाजू ऐका. नववीत शाळा सोडलेल्या माणसानं लॅपटॉप 'निवडायला' घेतला, दुसरं काय होणार?

दादा वारला, त्याला दीड महिना झाला. तो सुप्याला कंपनीत होता. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला त्यानं एक डबा बसवला होता. लाईट आली की मोटार आपोआप चालू, चार तासांनी बंद. डब्यातला प्रोग्राम त्यानं स्वतः सी भाषेत लिहिलेला. पण आता विहीर दीड तासातच तळाला जाते.

आबा पक्कड घेऊनच उठले. "बाराला लाईट यायची. मोटार कोरडी पळून जळंल. डबा काढतो, जुना स्टार्टर लावतो."

"डबा काढायचा न्हाई!" मी ओरडलोच. "आकडा तर बदलायचाय. मी बदलतो."

लॅपटॉप उघडला. एका मोटारीसाठी सात फायली! एक मुख्य. बाकी मोटार दोनदा, विहीर दोनदा, घड्याळ दोनदा. जोडीतली एक मोठी, नावाच्या शेवटी सी. दुसरी चार ओळींची, शेवटी एच.

आम्ही कांदेवाले. ढिगापाशी बसलो की हात आपोआप चालतो: मोठा कांदा इकडं, बारकी गोल्टी तिकडं. मग चार ओळींची फाईल म्हणजे गोल्टीच की! तिन्ही काढून टाकल्या. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

मोटारीच्या फायलीत चाराचे दीड तास केले, प्रोग्राम तयार करायचं बटण दाबलं. पडदा लालेलाल!

दादाचा कंपनीतला दोस्त सचिनभाऊ, त्याला फोन लावला.

"पिंट्या, लाल ओळीत काय लिवलंय?"

"एचवाली फाईल सापडत न्हाई म्हणतंय."

"मग हाय कुठं ती?"

"काढली."

"का?"

"गोल्टी हुती."

तिकडं कंपनीत मशीन धडधडत होतं. त्यावरून ओरडून म्हणाला, "येड्या, काम मोठ्या फायलीत असतंय. पण कुणाकडं कोणतं काम मागायचं, त्याची यादी बारकीत. यादीच न्हाई, तर एका फायलीला दुसरीचं काम कळायचं कसं? कचरापेटीत बघ."

होत्या! परत आणल्या. लाल गेलं. धावत जाऊन डब्यात प्रोग्राम भरला.

बाराला मोटार चालू झाली. दीडला आपोआप बंद. आबा डब्याकडं बघत राहिले. पक्कड खिशात घातली.

लॅपटॉप बंद करायला गेलो, तर मोटारीच्या फायलीत अगदी वर हिरवी अक्षरं. सकाळी ती वर सरकवून मी थेट खालच्या आकड्यावर गेलो होतो. "हिरवं कॉम्प्युटर वाचत नाही," असं दादानंच सांगितलेलं. मग मी कशाला वाचू? आता वाचलं.

"पिंट्या, एचवाल्या फायली बारीक दिसतात म्हणून काढू नको. काढल्याच असशील, तर कचरापेटीत बघ. सचिनला कामावर फोन करू नको."

तेव्हा दादाचं पुढचं वाक्य आठवलं, "हिरवं माणसांसाठी असतं."

 मग त्याच्याखाली हिरव्यातच एक ओळ टाकली:

"काढल्या. फोन पण केला."