सातच्या मालिकेचे प्रेक्षक

माझ्या मंगळवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर दोन वेताच्या खुर्च्या आहेत. पत्नी गेल्यानंतर तीन वर्षं तिच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तो मी उचलून पलंगाखाली सरकवला, कारण त्या खुर्चीवर कोणीतरी बसू लागलं होतं.

स्वयंपाकाच्या मावशी कसबा बावड्याहून येतात. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण पत्नी त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. त्या मला सर म्हणतात. सहाला येऊन भाकरी, भाजी, आमटी करायची आणि पावणेआठची बस धरायची, हा त्यांचा क्रम. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करण्यात. निवृत्तीनंतर दिवसभरात माझ्याशी समोरासमोर बोलणाऱ्या व्यक्ती दोन: दूधवाला आणि मावशी. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, त्यामुळे खरं तर एकच.

त्या वर्षी सात वाजता एक मालिका सुरू झाली. एका संस्थानिकाचा वाडा, वरच्या मजल्यावर राजघराणं, खाली मुदपाकखाना आणि त्यातली माणसं. पहिले काही दिवस मावशी पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघायच्या.

"बसा की," मी म्हणायचो.

"हाय की हितं बरं."

मग त्या पाट आणून दाराशी बसू लागल्या. एकदा गुडघा दुखत होता म्हणून गठ्ठा खाली ठेवून पत्नीच्या खुर्चीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी मी गठ्ठा हलवला.

त्यांच्या सासूबाई तरुणपणी एका सरदारांच्या घरी स्वयंपाकाला होत्या. त्यामुळे मावशींना मालिकेतलं बहुतेक काही पटायचं नाही.

"ही बया गळ्यात एवढं सोनं घालून चुलीम्होरं बसल्या! भाजंल की गं तुला!"

"ताट असं धरत्यात व्हय? अंगठा आमटीत बुडला बघा."

एका भागात राणीसाहेब स्वयंपाकिणीला टाकून बोलल्या आणि ती खांबाला टेकून पाच मिनिटं रडली. मावशी खुर्चीतच पुढे सरकल्या. "रडायला येळ कुणाला हाय? मालकीण बोलली की बाई रडत न्हाय. भाकरी जोरात थापत्या. वर ऐकू जाईल अशी."

मी हसलो. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसलो असेन, कारण घशाला ते जाणवलं.

आणि सवयीने वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. अशी बरीच लिहिली. एक नोंद अशी होती: वाड्यात स्वयंपाकीण वेगळी, भांड्यावरची वेगळी, झाडलोटीची वेगळी, स्वयंपाकिणीने केरसुणी धरायची नाही. हे सांगताना मावशींनी माझ्या घराचंही उदाहरण दिलं होतं. इथेही केरफरशीला दुसऱ्या बाई सकाळी येतात, कानाला फोन लावूनच काम उरकून जातात. मावशींनी केरसुणीला कधी हात लावलेला नाही.

दिवाळीच्या सुमारास जुन्या कचेरीतून फोन आला. पुरवणीसाठी मालिकेवर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया गोळा करून द्याल का? माझ्या हाताखाली शिकलेला मुलगाच आता तिथे उपसंपादक आहे. मी हो म्हणालो. आठवडाभर फिरलो, फोन केले. एका निवृत्त शिक्षकांना फेटा चुकीचा बांधलेला दिसला होता. एका वकिलांचे पणजोबा दरबारात होते म्हणे. बैठकीची रीत कशी असायची हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. एका बाईंना तशा किनारीच्या साड्या कुठे मिळतील ते जाणून घ्यायचं होतं. तिघांनी मला, वेगवेगळ्या दिवशी, आपल्या घरातली तलवार दाखवली. माणसं साधी होती, दोन खोल्यांत राहणारी, पण बघताना प्रत्येकजण वरच्या मजल्यावर जाऊन बसला होता. खालच्या मजल्यावरून कोणीच बोलत नव्हतं.

दुसरी बाजू नसलेली बातमी मी कधी छपाईला सोडली नाही. मावशींना विचारलं.

"छापा की. पर नाव नको. आमच्या बावड्यात नसती चर्चा."

नावं कोणाचीच छापायची नव्हती. सगळ्यांच्या खाली 'एक प्रेक्षक' आणि पेठ, एवढंच. मावशींची वाक्यं चांगली होती, म्हणून त्यांची वेगळी चौकट केली. मथळा मी दिला: 'मोलकरणीच्या नजरेतून'. जागा एका स्तंभाची होती. स्वयंपाकीण, भांड्यावरची आणि झाडलोटीची यांच्यातला फरक सांगणारा परिच्छेद सगळ्यात लांब होता. तो मी कापला.

रविवारी पुरवणी आली. सोमवारी मावशी आल्या, चप्पल काढली, सरळ आत गेल्या. थोड्या वेळाने भाकरी थापण्याचा आवाज आला. मी बाहेर बसलो होतो. तिथवर स्पष्ट येत होता.

सात वाजता मी टीव्ही लावला. मावशी पिशवी खांद्याला लावून बाहेर आल्या.

"येतो सर."

"मालिका?"

"न्हाय बगत आता."

"काय झालं मावशी?"

त्या दाराशी थांबल्या. "बसमधी बायका इचारत्यात, काय मोलकरीणबाई, आज कुणावर नजर? माझं भाकरीचं बोलणं सगळ्यास्नी पाठ हाय. नाव लपवून काय उपेग?"

"तुम्हीच नाव नको म्हणाला होता."

"नाव नको म्हटलं. मोलकरीण लिवा म्हटलं न्हवतं."

मी म्हणालो, चुकलंच, स्वयंपाकीण लिहायला हवं होतं.

"ते बी कशाला?" त्यांचा आवाज चढला. "त्या फेटेवाल्याचं काय लिवलंय? एक प्रेक्षक. साडीवालीचं? एक प्रेक्षक. मी काय करत होतो मग हितं बसून? मी बी बगतच होतो की!"

दार त्यांनी हळू लावलं. टीव्हीवर मुदपाकखाना दिसत होता. मी आवाज बंद केला.

चूक झाली की दुरुस्ती छापायची, हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवत असे. त्या रात्री न थांबता दोन ओळींचा मजकूर लिहिला आणि उपसंपादकाला फोन केला.

"सर, पण चूक काय आहे?" तो म्हणाला. "त्या तुमच्याकडे कामाला आहेतच ना? माहिती बरोबर आहे की."

शिवाय दुरुस्ती छापायची तर तो शब्द पुन्हा छापावा लागणार होता. मी मजकूर फाडला.

मावशी येत राहिल्या. एकही दिवस चुकल्या नाहीत. भाजीला मीठ नेहमीइतकंच. काय करू, किती करू, संपलंय काय, एवढं बोलणं होई. सातला पाच कमी असताना त्या बाहेर पडत आणि पावणेआठच्या बसची वाट स्टॉपवर उभं राहून बघत. त्याआधी बस नसते, हे मला माहीत होतं. त्यांनाही ते माहीत होतं.

मी मालिका बघत राहिलो. एका भागात स्वयंपाकीण ताट घेऊन आली आणि तिचा अंगठा आमटीत होता. मी खुर्चीकडे वळून बघितलं.

मार्चमध्ये मालिका संपली. शेवटच्या भागाच्या दिवशी मी मावशींना म्हणालो, आज तरी थांबा. "नातीची परीक्षा हाय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या संध्याकाळी परातीत पीठ मळता मळता त्यांनी आतूनच विचारलं, "बगितला काय शेवट?"

"बघितला. तुम्ही?"

"आमच्यात लाईट गेलती." परात सरकवल्याचा आवाज आला. "काय झालं त्या स्वयंपाकिणीचं?"

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. म्हणालो, भाकरी राहू द्या थोडा वेळ, बाहेर खुर्चीत बसा, सगळं सांगतो.

"ऐकू येतंय की हितं."

तवा तापला होता. त्यांनी पहिली भाकरी थापायला घेतली. मी दारात उभा राहिलो, जिथे त्या सुरुवातीला उभ्या राहायच्या, आणि सांगू लागलो. काही गाळलं नाही. वरच्या मजल्यावरचं थोडक्यात सांगितलं. खालच्या मजल्यावरचं सविस्तर. स्वयंपाकीण मागच्या दाराने बोचकं घेऊन निघते, असं सांगितल्यावर मी थांबलो. त्या काहीतरी म्हणतील असं वाटलं होतं. मागच्या दाराने नाही, किंवा बोचकं असं धरत्यात व्हय, असं काहीतरी.

त्यांनी भाकरी उलटली. "झालं?"

"झालं."

चौथी भाकरी टोपलीत ठेवून त्यांनी गॅस बंद केला. सातला पाच कमी होते.