भुशात चालवून पाहिलेलं बर्फाचं मशीन

तिसरा बोल्ट तुटला आणि डेक्लनचा धीर सुटला.

"नंदा, बास आता. तिथे एक चांगला दणकट बोल्ट घाल आणि पाठव ते मशीन. परत तुटायचा नाही."

मी मशीनच्या तोंडापाशी गुडघे टेकून बसले होते. ट्रॅक्टर बंद, किल्ली माझ्या खिशात. किल्ली खिशात असल्याशिवाय मी कुठल्याही मशीनमध्ये हात घालत नाही, मग मालक कितीही घाईत असो. अंगावर ओला भुसा, केसांत भुसा, मास्कच्या आतही भुसा. आणि गेटापलीकडे टॉम उभा. मशीन त्याचं. तो एक अक्षर बोलत नव्हता. आयरिश माणूस बोलायचा थांबला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

आता हे काय चाललं होतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई या वयात भुशात काय करत होत्या.

आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावाच्या बाहेर शेतीच्या यंत्रांची एक डीलरशिप आहे. डेक्लन तिचा मालक. तिथल्या वर्कशॉपात मी सोळा वर्षं काम केलं. नवं यंत्र खोक्यातून काढायचं, जोडायचं, चालवून बघायचं आणि मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं, हे माझं खातं. शिकले किती म्हणाल तर बारावी. कोपरगावला आमचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे सासऱ्यांच्या हातात पान्हे देता देता पंप उघडायला शिकले. मिस्टरांना इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली म्हणून आम्ही इकडे आलो. डेक्लनकडे मी आधी सुटे भाग धूत होते, मग बसवायला लागले. सर्टिफिकेट एकही नाही. पुस्तकं मात्र वाचली, म्हणजे मशीनसोबत येतात ती.

तर हा २०२१चा जानेवारी. सगळीकडे लॉकडाऊन. शेतीची यंत्रं गरजेची म्हणून आमचं वर्कशॉप उघडं, पण गिऱ्हाइकाने गेटच्या आत यायचं नाही. मी एकसष्ट वर्षांची, त्यामुळे डेक्लन मला दोन मीटरच्या ऐवजी चार मीटरवरून ओरडून कामं सांगायचा.

आयर्लंडमध्ये बर्फ काही दरवर्षी धड पडत नाही. पडणार अशी नुसती बातमी आली की अख्खा देश ब्रेड आणायला पळतो. त्यामुळे बर्फ काढायचं मोठं मशीन इथे कुणी घेत नाही. टॉमने घेतलं. टॉम बहात्तर वर्षांचा, स्लीव्ह ब्लूमच्या डोंगरात मेंढ्या पाळणारा. त्याच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत दोन मैलांची अरुंद वाट आहे. काउन्सिलची, बर्फ वितळवायला मीठ टाकणारी गाडी मोठ्या रस्त्यावर येते, त्या वाटेवर येत नाही.

"काही वर्षांमागे मोठा बर्फ पडला तेव्हा आम्ही चार दिवस अडकलो होतो," ऑर्डर देताना तो मला म्हणाला होता. "पत्ते खेळलो. मजा आली. पण तेव्हा नोराच्या किडन्या चालत होत्या."

नोरा म्हणजे त्याची बायको. आता तिला सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला जावं लागायचं.

"आणि एक पाळी चुकली तर?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, एक कशीबशी निभेल. मला कशीबशी नकोय, मिसेस."

तेव्हापासून ते मशीन माझ्या मनात नोराचंच झालं.

खोकं सोमवारी आलं. परदेशातून, चार महिने उशिरा. एरवी एवढं मोठं नवं मशीन आलं की कारखान्याचा माणूस जोडून द्यायला येतो. विमानं बंद, म्हणून तो येणार नव्हता. व्हिडिओ कॉल करतो म्हणाला, पण पुढच्या आठवड्यात. आणि हवामान खात्याचं म्हणणं होतं की रविवारी बर्फ.

"जमेल का तुला एकटीला?" डेक्लनने विचारलं.

"पुस्तक आहे ना," मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात.

मशीन कसं असतं ते थोडक्यात सांगते. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा बाहेर आलेला असतो, त्याला पीटीओ म्हणतात. त्याच्या जोरावर मागे लावलेलं अवजार चालतं. या मशीनला समोर मोठं उघडं तोंड, आणि तोंडात आडवा ऑगर. ऑगर म्हणजे मळसूत्रासारखं पातं गुंडाळलेला जाड नळा. त्याचे दोन अर्धे असतात. डावा अर्धा बर्फ उजवीकडे ढकलतो, उजवा डावीकडे, म्हणजे सगळा बर्फ मध्यावर येतो. मध्यावर मागे मोठा पंखा. तो बर्फ उचलून वरच्या वळत्या नळकांड्यातून लांब फेकतो. ट्रॅक्टर उलटा चालवत, म्हणजे रिव्हर्समध्ये, बर्फात घुसायचं.

"बावन्न वर्षं पुढे बघून ट्रॅक्टर चालवला," टॉम कुरकुरला होता, "आता मान मोडून मागे बघायचं."

ऑगरच्या प्रत्येक अर्ध्याला एक शिअर बोल्ट असतो. हा मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट. दगड अडकला, जोर फार आला, की तो तुटतो आणि महागाचा गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजसारखा. आपल्याकडे फ्यूज सारखा उडायला लागला की काही हुशार लोक जाड तार बांधून मोकळे होतात. डेक्लन जो दणकट बोल्ट घाल म्हणत होता ना, ती जाड तार.

मंगळवारी मी सगळं जोडलं. बुधवारी टॉमचाच ट्रॅक्टर आणून त्यावर चढवलं. पीटीओला जोडायचा शाफ्ट लांबीला जास्त होता, तो मापून कापला. तेल भरलं, ग्रीस भरलं. डेक्लनने ट्रॅक्टर चालू केला. ऑगर फिरला, पंखा घुमला, नळकांडं डावीउजवीकडे वळलं. एक खडखड नाही.

"ग्रँड!" डेक्लन म्हणाला. "उद्या सकाळी टॉमला सांग, घेऊन जा."

"रिकामं फिरलंय," मी म्हटलं. "काम नाही केलं अजून."

"अगं, बर्फ कुठून आणू मी?"

प्रश्न बरोबर होता. त्यावर मी मिस्टरांशी जेवताना बोलले. म्हटलं, "अहो, बर्फासारखं जड, ओलं आणि सुटं काय मिळेल?"

"दहीभात," ते म्हणाले. स्वभाव. पण मग भात वाढून घेत म्हणाले, "लाकडाचा भुसा भिजवून बघ ना."

शेजारच्या गावात लाकडाची सॉ मिल आहे. गुरुवारी सकाळी तिथून दोन ट्रेलर भुसा आणला, वर्कशॉपच्या अंगणात कंबरेएवढा ढीग घातला आणि पाइप लावून चिंब भिजवला. डेक्लन कपाळावर हात मारत होता. टॉमला राहवेना म्हणून तोही येऊन गेटाबाहेर उभा राहिला.

डेक्लनने मशीन ढिगात घातलं. दहा सेकंद. टक्! बोल्ट तुटला. नवा घातला, पुन्हा गेलो. टक्! पुन्हा एक, आणि तो पहिल्यापेक्षा लवकर गेला. नळकांड्यातून भुसा किती उडाला म्हणाल तर शिंकेएवढा.

"भुसा बर्फापेक्षा जड आहे," डेक्लन म्हणाला. "म्हणून होतंय. दहा-नऊचा बोल्ट घाल." दहा-नऊ म्हणजे फार कडक पोलादाचा.

"आणि मग गिअरबॉक्स तुटेल."

"बर्फात नाही तुटणार."

"आणि तुटला तर? वाटेच्या मध्ये हे धूड अडकेल. दोन्ही बाजूंना दगडी कुंपण. मग नोराची गाडी काय उडत जाणार?"

वाईट माणूस नाही डेक्लन. त्याला नुसती घाई होती, आणि घाईचं कारण तेच होतं जे माझं होतं.

मी तशीच बसून राहिले आणि मशीनच्या तोंडात बघत राहिले. मोटार असो, पंप असो, सासरे म्हणायचे, आधी बघ, मग पान्हा उचल. तर बघितलं. भुसा दोन्ही कडांच्या पत्र्यांवर विटेसारखा घट्ट दाबून बसला होता. आणि मधोमध, पंख्यासमोर, जिथे तो जमायला हवा, तिथे जागा स्वच्छ. झाडून काढल्यासारखी.

भुसा आत येतच नव्हता, बाहेर ढकलला जात होता. कडेला पत्रा, पुढे जायला वाट नाही, म्हणून ऑगर अडकत होता आणि बिचारा बोल्ट जीव देत होता.

आमच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. ट्रॅक्टरचं डावं-उजवं ठरवायचं ते ड्रायव्हरच्या सीटवर, पुढे तोंड करून. अवजार पुढे असो की मागे. पुस्तकात 'डावा' लिहिलं की मी मनातल्या मनात सीटवर चढते आणि डावा हात वर करते. तसेच मी ऑगरचे अर्धे बसवले होते. आता मी खरोखरची चढले. सीटवर बसले, आणि टॉम जसा बसणार तशी मान वळवून मागे बघितलं. मी ज्याला डावा म्हणत होते तो अर्धा माझ्या उजव्या हाताला आला.

खाली उतरून पुस्तक उघडलं. चौथ्या पानावर बारीक अक्षरांत होतं: या पुस्तकातलं डावं-उजवं काम करताना मागे बघणाऱ्या ड्रायव्हरचं समजावं. मी ते पान वाचलंच नव्हतं. सरळ बाराव्या पानापासून सुरुवात केली होती, जिथे नटबोल्ट सुरू होतात. आदल्या दिवशी रिकामं फिरताना पात्याचे वळसे मध्याकडे सरकतायत की कडेकडे, हे नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं. मीही नाही बघितलं.

"डेक्लन," मी म्हटलं, "दोन्ही अर्धे उलटे बसलेत. मी बसवलेत."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग गेटाकडे. आवाज खाली आणून म्हणाला, "त्याला सांग, सेटिंगचा प्रॉब्लेम आहे."

खरं सांगते, एक क्षण मलाही ते बरं वाटलं. सोळा वर्षांत त्या भागातल्या शेतकऱ्यांना माझ्यावर भरवसा ठेवायला शिकवलं होतं मी. सुरुवातीला 'दुसरं कुणी नाही का' असं विचारणारे लोक होते ते. पण टॉम या मशीनने वाट मोकळी करून बायकोला गाडीतून नेणार होता. त्याला खरं कळायला हवं होतं.

मी गेटापाशी गेले. चार मीटर सोडून उभी राहिले.

"टॉम, चूक माझी आहे. ऑगर मी उलटा जोडला. दुपारपर्यंत सुलटा करते आणि तुझ्यासमोर चालवते. तेव्हा समाधान झालं तर घेऊन जा."

टॉम गेटावर रेलला.

"मिसेस, मी एकदा मेंढवाड्याचं गेट उलटं बसवलं होतं. ढकललं की उघडायचं. मेंढ्यांना हे माझ्याआधी कळलं. नोरा अजून पाहुण्यांना सांगते." मग म्हणाला, "ते रिकामं फिरत होतं तेव्हाच मी घेऊन गेलो असतो तर?"

"तर रविवारी कळलं असतं."

त्याने टोपी सरळ केली. "मग चहा होतो का बघा. मी थांबतो."

सगळं उघडायला दोन तास, बसवायला अडीच. मशीन नवं, गंज नाही, म्हणून निभावलं. डेक्लन स्वतः नळे उचलायला आला, चार मीटर विसरून. तीन वाजता पुन्हा ढिगात घातलं. या वेळी आवाजच वेगळा आला, जाड, भरलेला. भुसा मध्यावर जमला आणि नळकांड्यातून असा काही उडाला की शेडवरून पलीकडे गेला. पलीकडे डेक्लनची जीप होती. धुतलेली. टॉम गेटाला धरून हसत होता. डेक्लनने आयरिशमध्ये काहीतरी म्हटलं, ते मला कुणीच कधी समजावून सांगितलं नाही.

मी तिथेच थांबले नाही. अर्धा तास ढिगात चालवलं. एका बाजूला मुद्दाम जाडसर लाकूड घातलं, तर बोल्ट तुटला, गिअरबॉक्स शाबूत. तसंच व्हायला हवं होतं. मग रस्त्यावर टॉमला ट्रॅक्टर चालवायला लावला, आणि तो बंद करून, किल्ली खिशात घालून बोल्ट बदलायला शिकवलं. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, तिसऱ्यांदा चार. सुटे बोल्ट डब्यात घालून सीटखाली ठेवले आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दुसरे घालू नका.

बर्फ रविवारी दुपारपासून पडला. सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात उभी, फोन ओट्यावर ठेवलेला. मिस्टर दोनदा म्हणाले, "टक लावून बघितल्याने वाजत नाही तो." सव्वाअकराला वाजला.

"मिसेस," टॉम म्हणाला. मागे हॉस्पिटलची टिकटिक ऐकू येत होती. "खुर्चीत बसलीय. नळ्या लागल्या. वेळेआधी दहा मिनिटं पोचलो."

"आणि मशीन?"

"दोन बोल्ट गेले. दगडी कुंपणाचा दगड पडला होता वाटेत. दोन्ही बदलले." मग म्हणाला, "मान मात्र मोडलीय. त्याचं काही पुस्तकात आहे का?"

मी म्हटलं, नाही. फोन मिस्टरांकडे दिला. त्यांनी त्याला मान शेकायला सांगितलं.

पुढे मी त्या कारखान्याला पत्र लिहिलं, की चौथ्या पानावरची ती ओळ ऑगरच्या चित्राशेजारीच छापा. त्यांनी आभार मानले. बदल केला की नाही माहीत नाही. मी माझ्यापुरता केला: आता पुस्तक पहिल्या पानापासून वाचते. आपल्याला न येणाऱ्या गोष्टीचं पान आपण वाचतोच. राहून जातं ते येणाऱ्या गोष्टीचं.